बाबाच्या पायातले बळ कुठे गेले?

इंदूरच्या रामबागेत राहणारा माझा धाकटा भाऊ एका सकाळी जिना उतरत असताना त्याच्या पायातली चप्पल निसटली, कारण तिला धरून ठेवायला बोटे वळेनात. दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीतून उठवेना आणि तिसऱ्या दिवशी तो अतिदक्षता विभागात होता. निदान झाले गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात याच आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकांनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की साथ आहे, मुलांना त्याच्याजवळ फिरकू देऊ नका. चार वर्षांच्या पुतणीची रवानगी तिच्या आजोळी झाली. सात वर्षांच्या पुतण्याने मला हळूच विचारले, "काका, मी बाबाच्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळलो, म्हणून झालं का?"

नातेवाइकांची भीती आणि मुलाची शंका, दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे: हा आजार होतो कसा, यात. पुष्कळदा त्याची सुरुवात पोटातून होते.

दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू पोटात जातो आणि जुलाब होतात. जुलाब थांबतात, घरचे विसरूनही जातात. मात्र या जीवाणूच्या काही प्रकारांच्या पृष्ठभागावर शर्करेची जी साखळी असते, ती आपल्या चेतातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंच्या शर्करेशी हुबेहूब जुळते. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी शरीरातील प्रथिने, मग चेतातंतूंनाही जाऊन चिकटतात. चेतातंतूवर मायलिनचे वेष्टन असते, आणि या वेष्टनात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात, ज्यांना रॅनव्हियरचे नोड म्हणतात. सोडियमचे कण आत सोडणाऱ्या वाहिन्या याच जागी दाटीने असल्यामुळे विद्युतसंदेश एका नोडवरून दुसऱ्या नोडवर उड्या घेत धावतो. प्रतिपिंडे नेमकी येथे बसली, की रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने तंतूच्या पटलाला छिद्रे पाडतात, सोडियमच्या वाहिन्या विस्कळीत होतात आणि संदेश वाटेतच विरतो. जीबीएसच्या दुसऱ्या प्रकारात मायलिनच सोलले जाते. दोन्ही प्रकारांत स्नायू शाबूत असतो, त्याला हुकूम पोहोचत नाही.

म्हणजे पसरतो तो पोटातला जीवाणू, जीबीएस नव्हे. एकाची प्रतिपिंडे शेजारी बसलेल्याच्या अंगात शिरत नाहीत, आणि पाठीवर बसून खेळल्याने ती तयारही होत नाहीत. कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या साधारण 1000 जणांत एखाद्यालाच जीबीएस होतो. घरात हात धुणे आणि पाणी उकळणे आवश्यकच आहे. मुलांना बापापासून तोडणे आवश्यक नाही. पुतण्याला मी एवढेच सांगितले, की बाबाच्या शरीरातील पहारेकऱ्यांनी चोर समजून घरच्याच माणसाला धरले, आणि त्यात तुझा काहीही दोष नाही.

या दिवसांत कुणी अंगारा आणला, कुणी लकव्यावर मालिश करणाऱ्याचा पत्ता दिला. त्यांची माया खरी होती, पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, कारण जीबीएसच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना श्वासाचे स्नायू दुबळे झाल्यामुळे व्हेंटिलेटर लागतो. पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा दिसताच रुग्णालय गाठावे. भावाला इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले, शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 0.4 ग्रॅम, सलग 5 दिवस. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली ही प्रतिपिंडे आहेत. प्रतिपिंडांनी केलेला घात प्रतिपिंडांनीच आवरावा, याचे मला आजही नवल वाटते.

नोडपुरताच बिघाड असेल तर बळ काही आठवड्यांत परतू लागते. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतो, आणि कंबरेपासून तळपायापर्यंतचे अंतर आपण जाणतोच. भाऊ आता काठीविना चालतो. मुले त्याच्या पलंगावर बसून डॉक्टरांसारखी गुडघ्याखाली चापट मारतात आणि पाय उडण्याची वाट पाहतात. तो अजून उडत नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया बळ परतल्यानंतरही बराच काळ गायब राहू शकते, हे पुतणी आता आल्यागेल्याला स्वतःच सांगते.