योगा मॅटची पिशवी आणि नागपूरची हवा

योगा मॅट घेताना आपण जाडी बघतो, पकड बघतो, रंगावरून घरात दोन मतं पडतात. पिशवी मात्र मॅटसोबत फुकट आली तर ती, नाहीतर दुकानात समोर टांगलेली कुठलीही. नागपुरात इतकं बेफिकीर राहून चालत नाही. इथे मे महिन्यात मॅटला उष्णता छळते आणि जुलैत ओलावा.

आधी माप. नेहमीची मॅट साधारण 173 सेंटिमीटर लांब आणि 61 सेंटिमीटर रुंद असते. लांबीला जाडीने गुणलं की गुंडाळीच्या तोंडाशी दिसणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ मिळतं. 6 मिलिमीटरच्या मॅटचं ते जवळपास 104 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे व्यास साडेअकरा सेंटिमीटर. पण हा हिशेब घट्ट आवळलेल्या गुंडाळीचा. वर्ग संपल्यावर घाईत इतकं कोण आवळतं? मधे पोकळी राहतेच. तेव्हा पिशवी 14-15 सेंटिमीटर व्यासाची आणि 65-66 सेंटिमीटर लांब हवी.

आता वास. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यात पाणी, मीठ, थोडा युरिया, थोडं लॅक्टिक आम्ल. वास येतो तो त्वचेवरच्या जिवाणूंमुळे. तळपायावरचे काही जिवाणू घामातलं ल्युसीन हे अमिनो आम्ल मोडून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतात, तोच तो मोज्यांचा वास. या सगळ्या कारभाराला ओल लागते. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की मॅट बघता बघता वाळते. पावसाळ्यात हवेतच बाष्प भरलेलं, त्यामुळे बाष्पीभवन मंदावतं.

इथे पिशवीवाले एक गोष्ट सांगत नाहीत. पीव्हीसी या प्लास्टिकच्या मॅटमधले हवेचे बुडबुडे बंद असतात, त्यातून पाणी आरपार जात नाही. घाम पृष्ठभागावर राहतो आणि गुंडाळताना वेढ्यांमध्ये अडकतो. त्याची वाफ बाहेर पडणार कुठून? गुंडाळीच्या दोन तोंडांतूनच. म्हणजे पिशवीच्या अंगाला कितीही जाळी असली तरी तिचा फायदा फक्त बाहेरच्या वेढ्याला. जाळी हवी ती दोन्ही टोकांना. मी शिंप्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, खालून जाळी कायले लावता? माती शिरन ना!" शिरते, पण ती झटकता येते.

कापड सुती घ्यावं. कापूस हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात जाड कापड घ्या, मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून शिवून घ्या आणि वरच्या तोंडाला चेनऐवजी नाडी ठेवा. पावसात वरून प्लास्टिक चालेल, मात्र पोहोचल्याबरोबर काढायचं. नैसर्गिक रबराच्या काही मॅट पाणी शोषतात, त्या आधी सावलीत टांगून मगच गुंडाळाव्यात.

रेक्झिनची पिशवी टाळाच. पीव्हीसी मुळात कडक असतं, पाण्याचे पाइप त्याचेच. मॅट मऊ राहते ती त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उष्णतेत ते द्रव्य हळूहळू बाहेर सरकतं. रेक्झिनवरचा थरही बहुधा पीव्हीसीचाच, त्यामुळे दोन्ही चिकटून राहिले की एकातलं द्रव्य दुसऱ्यात जाऊ शकतं. मॅट आधी चिकट, मग ताठ होते. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, तोही सावलीतला. उन्हात उभ्या बंद कारच्या आत तापमान याच्या कितीतरी वर चढतं. तिथे महागातली पिशवीही काही करू शकत नाही, मॅट घरात न्यायची. नैसर्गिक रबराला तर ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन तिन्ही बाधतात, त्याला भेगा पडतात.

पट्ट्याचं गणित सोपं आहे. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. अडीच किलोची रबरी मॅट 2 सेंटिमीटरच्या पट्ट्यावर खांद्यात रुतते, 4 सेंटिमीटरचा पट्टा लावला की दाब साधारण निम्मा होतो. स्कूटीवर पिशवी पाठीवर तिरकी घ्या, आडवी धरली तर गर्दीत शेजारच्याला लागते. वरचं टोक हेल्मेटला अडत असेल तर पट्टा चार बोटं सैल करा.