ज्येष्ठांच्या हातात फोन आला, तो असा

नागपूर हे पेन्शनरांचं शहर आहे. १९५६ साली राजधानीपण गेलं, पण कचेऱ्या राहिल्या. महालेखापालांचं कार्यालय, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स, अंबाझरीचा आयुध कारखाना, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं यांतून दरवर्षी माणसं निवृत्त होतात आणि प्रतापनगर, मानेवाडा, नंदनवन अशा वस्त्यांत स्थिरावतात. ही माणसं यंत्राला घाबरणारी नव्हेत. ज्यानं कोराडीत बॉयलर सांभाळला किंवा अजनीत इंजिन दुरुस्त केलं, त्याला सहा इंची फोनची भीती वाटते हे म्हणणंच मुळात चुकीचं. त्यांची अडचण वेगळी आहे आणि ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

पूर्वी प्रत्येक यंत्राच्या अलीकडे एक माणूस बसलेला असे. तार करायची तर फॉर्मवर मजकूर लिहून खिडकीत द्यायचा, पुढचं काम तारबाबूचं. (ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) १९८४ला सी-डॉट ही टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संस्था स्थापन झाली, टेलिफोनचं जाळं पसरलं आणि पुढच्या काही वर्षांत चौकाचौकांत एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले. तिथंही बऱ्याचदा बूथवालाच नंबर लावून द्यायचा. बँकेत पासबुक क्लार्क भरायचा, दाखल्यासाठी सेतू केंद्रातला ऑपरेटर अर्ज टंकायचा, रेल्वे आरक्षणाची चिठ्ठी खिडकीतून आत सरकवली की तिकीट बाहेर यायचं. म्हणजे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीनं तंत्रज्ञान आयुष्यभर वापरलं, पण दुसऱ्याच्या हातानं.

मोबाइलनंही ही सवय लगेच मोडली नाही. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ला कोलकाता-दिल्ली असा झाला. पण येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत असल्यामुळे सामान्य घरात फोन शिरला तो २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाल्यावर. बटणांचा फोन ज्येष्ठांना मानवला, कारण त्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली होती. हिरवं बटण उचलायला, लाल ठेवायला, आणि ५ या आकड्यावर उंचवटा, म्हणजे न बघताही बोट बरोबर जागी पडायचं. नावं मात्र नातवानं भरून दिलेली असत. बाकी अडलं की हाक मारायची, नातू येऊन करून द्यायचा.

पेच पडला तो गुप्त आकड्यांमुळे. १ ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना जास्तीची पडताळणी सक्तीची झाली. १ डिसेंबर २०१३पासून दुकानात डेबिट कार्ड घासतानाही पिन लागू लागला. पिन आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, ही या व्यवस्थेची पहिली अट. आता ज्या पिढीला प्रत्येक वेळी मधल्या माणसाला कागद देऊन मोकळं व्हायची सवय, तिनं काउंटरवरच्या पोराला पिन तोंडी सांगितला किंवा पासबुकाच्या कव्हरात लिहून ठेवला, तर त्यात नवल काय? हा अडाणीपणा नव्हता. चाळीस वर्षं जे शहाणपण होतं, तेच नव्या नियमात चूक ठरलं.

मग २०१६ आलं. त्या वर्षी दिवाळीच्या मागेपुढे अवघ्या अडीच महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि इंटरनेट जवळपास फुकट मिळू लागलं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. आणि त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. तिसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण ज्येष्ठांच्या हातात स्मार्टफोन टिकवला तो तिनंच. नागपूरची पोरं शिकून पुण्या-बंगळूरला, पुढं अमेरिकेला जातात. नातवाचा चेहरा बघायला मिळतो म्हटल्यावर घरोघरी मुलांचे जुने फोन आई-वडिलांकडे आले. जुने हा शब्द महत्त्वाचा आहे. कमी मेमरी, थकलेली बॅटरी आणि आधीच्या मालकाच्या आवडीची मांडणी असलेल्या फोनवर शिकायला बसणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचणं.

यूपीआयची घोषणा त्याच वर्षी ११ एप्रिलला झाली होती. भीम अ‍ॅप ३० डिसेंबरला आलं. नोटाबंदीनंतरच्या डिजिधन मेळ्यांचा समारोप नागपुरातच झाला. १४ एप्रिल २०१७ला पंतप्रधानांनी मानकापूरच्या क्रीडा संकुलात अंगठ्याच्या ठशावर पैसे भरायचं भीम-आधार सुरू केलं आणि सोबत एक योजना जाहीर केली: दुसऱ्याला भीम अ‍ॅप वापरायला शिकवा, दोघांच्याही खात्यात १० रुपये जमा होतील. शिकवणाऱ्याला मोबदला देण्याची कल्पना चांगलीच होती. पण मोजमाप अ‍ॅप सुरू होऊन ठरावीक व्यवहार झाले की नाहीत याचं होतं; शिकणाऱ्याला उद्या एकट्याला ते जमेल की नाही, याचं नव्हतं.

सरकारी साक्षरता कार्यक्रमांची तऱ्हा त्याहून न्यारी. महाराष्ट्रात २००१पासून एमएस-सीआयटीनं लाखोंना संगणक शिकवला. त्यात नोकरदार आणि विद्यार्थीच जास्त. केंद्राचं डिजिटल साक्षरता अभियान २०१७ला आलं, त्याची वयोमर्यादा १४ ते ६० आणि तेही ग्रामीण भागासाठी. म्हणजे ज्या शहरी निवृत्ताला पेन्शनसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला, बँक, वीजबिल सगळं फोनवर करायला सांगितलं जात होतं, तो या वर्गात दोन्ही बाजूंनी बसत नव्हता. काम पडलं ते घरच्यांवर आणि मोहल्ल्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळांवर.

हयातीच्या दाखल्याचा इतिहास या सगळ्याचा नमुना आहे. राज्य सरकारच्या पेन्शनरांसाठी कोषागाराकडून बँकेत यादी जाते आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या नावासमोर सही केली की काम होतं. केंद्राच्या जीवन प्रमाण योजनेनं १० नोव्हेंबर २०१४पासून आधारच्या बोटाच्या ठशावर डिजिटल दाखला सुरू केला. ठशाचं गणित मात्र वयाशी जुळत नाही. कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात. खाणीत काम केलेले कामगार, इतवारीतले हमाल, आयुष्यभर भांडी घासलेल्या बाया यांचे ठसे तर यंत्राला दिसतच नाहीत. उपाय साधे आहेत: कोमट पाण्यानं हात धुवून कोरडे करायचे, बोटाला किंचित क्रीम चोळून पुसून घ्यायचं, अंगठा चालला नाही तर दुसरं बोट लावायचं, यंत्राची काच प्रत्येक माणसामागं पुसायची. तरीही न चालणारे हात उरतातच.

त्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली. त्याला साध्या अँड्रॉइड फोनचा पाच मेगापिक्सेलचा पुढचा कॅमेरा चालतो. अ‍ॅप दोन लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी. दुसरं अ‍ॅप उतरवल्यावर त्याचं चित्र फोनवर दिसत नाही, म्हणून ‘आलंच नाही’ समजून लोक पुन्हा पुन्हा शोधत बसतात; ते मागच्या मागे काम करतं. आधी ऑपरेटरची, म्हणजे अ‍ॅप चालवणाऱ्याची, ओळख पटवावी लागते. ती एकदाच, आणि पेन्शनर स्वतःच ऑपरेटर असू शकतो. मग पेन्शनरचा आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारं कार्यालय, पैसे देणारी संस्था, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक, बँक खातं आणि शेवटी चेहरा. चष्मा काढायचा, खिडकी पाठीमागं नको, उजेड तोंडावर हवा, आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. चेहऱ्यापाशी लोक घाबरतात, पण दाखला अडतो तो सहसा आधीच्या टप्प्यावर. पैसे देणारी संस्था यादीतून चुकीची निवडली किंवा पीपीओतला एक आकडा चुकला, तरी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज येतो आणि पेन्शनर निर्धास्त होतो. दाखला नामंजूर झाल्याचं पेन्शन थांबल्यावर कळतं. म्हणून आठवडाभरानं त्याच आयडीनं संकेतस्थळावर स्थिती बघणं हा शिकवणीचाच भाग धरायला हवा. ऐंशी पार केलेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ईपीएस-९५वाल्यांना, म्हणजे भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन घेणाऱ्यांना, नोव्हेंबरची अट नाही, दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो.

कोविडनं उरलेल्यांनाही फोनपाशी आणून बसवलं. १ मार्च २०२१पासून साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं आणि कोविनवर नाव घालायला ओटीपी लागू लागला, तोही तीन मिनिटांत. एका नंबरवर चार जणांची नोंद चालत असल्यामुळे अनेकांची नावं पुण्यातल्या मुलाच्या नंबरवर घातली गेली. नोंद झाली, पण नागपुरातल्या केंद्रावर कोड विचारला की तो फोन पुण्यात. आधारला जोडलेल्या नंबराचंही हेच रडगाणं: जुना, बंद पडलेला किंवा मुलाचा. आजही कुणाला काही शिकवायला बसण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारावा, आधार आणि बँकेत कुठला नंबर आहे, आणि तो याच फोनमध्ये आहे का.

शिकवण्याची रीत या काळात ठेचा खात खात तयार झाली. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहिला पाहिजे, हे त्यातलं सगळ्यात मोठं कलम, आणि घरच्यांना तेच सगळ्यात जड जातं. ‘द्या इकडे बाबा, मी करून देतो’ म्हटलं की धडा संपला.

बटणाच्या फोनवर जोरात दाबणं बरोबर होतं. काचेवर तेच केलं की फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो, चित्रं हलू लागतात आणि एखादं अ‍ॅप जागेवरून गायब होतं. शेजारी बसणाऱ्यानं इतकंच सांगावं: “काकाजी, दाबू नका जी, नुसतं टेकवा अन् उचला.” कोरड्या बोटाला काच दाद देत नसेल तर बोट किंचित ओलसर करावं. हात थरथरत असेल तर सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत स्पर्श धरून ठेवण्याचा वेळ ‘लांब’ करता येतो. अक्षराचा आकार वाढवावा. व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा वाढवावा लागतो, तो त्याच्याच सेटिंगमध्ये चॅट्सखाली असतो. स्क्रीन तीस सेकंदांत विझते, ती दोन मिनिटांवर न्यावी, नाहीतर वाचता वाचता अंधार होतो आणि माणूस समजतो आपल्या हातून काही बिघडलं. खाली तीन बटणांची पट्टी ठेवावी, कारण कडेवरून बोट ओढून मागे जाणं बऱ्याच जणांना कधीच जमत नाही. रिंगटोन जाड आवाजाची निवडावी. वयानुसार आधी बारीक, उंच आवाज ऐकू येणं कमी होतं.

लिहिण्याचा अडसर २०१७ मध्ये बराच हलका झाला. गुगलचं बोलून टंकन मराठीत आलं आणि कळफलक न शिकता निरोप जाऊ लागले. मात्र आलेल्या सुप्रभातच्या चित्रांनी फोन भरतो आणि मग अ‍ॅप अपडेट होत नाही, ओटीपीचा मेसेज अडकतो. व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड बंद करणं हे पहिल्याच आठवड्याचं काम.

फसवणुकीनं अभ्यासक्रम बदलला. २०२२च्या सुमारास ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे मेसेज फिरले. पुढं लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइली आल्या, म्हणजे उघडल्या की फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या; मग खोट्या पोलिसांचे ‘डिजिटल अरेस्ट’चे व्हिडिओ कॉल. महावितरणचा मेसेज दहा आकडी खासगी नंबरावरून येत नाही. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. अटक व्हिडिओ कॉलवर होत नाही. ही तीन वाक्यं शिकणाऱ्याच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतात, आणि त्याखाली १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक. पैसे गेले की पहिला तास मोलाचा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच गोठवता येते. लाजेपोटी मुलांना सांगायला उशीर होतो आणि तेवढ्यात पैसे निघून जातात. म्हणून फसल्यावर रागावायचं नाही, हे शिकवणाऱ्यानं घरच्यांनाच आधी बजावावं.

या सगळ्यात व्यवस्थेनंही हळूहळू मधल्या माणसाला परत घेतलं. २०२०पासून पोस्टमन घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत डिजिटल हयातीचा दाखला करून देतो, शुल्क ७० रुपये. ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात खातं एकाचं आणि पैसे भरणारा दुसरा असू शकतो, पिन न सांगता. पूर्ण मुभा दिली तर एका व्यवहाराला ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा. अर्धी मुभा दिली तर दर वेळी खातेदारानं आपल्या पिननं होकार द्यायचा. आईचं खातं आणि औषधं आणणारी सून, किंवा मुलाचं खातं आणि भाजी घेणारे वडील, दोन्ही तऱ्हेनं ते चालतं. ज्यांना पिन लक्षात ठेवणं झेपत नाही त्यांच्यासाठी मुलाच्या खात्याची तऱ्हा निवडावी, आणि सुरुवातीला महिन्याची मर्यादा दोन हजारांवर ठेवावी.