रजोनिवृत्तीतील शब्दविस्मरण आणि संवाद

रजोनिवृत्तीच्या सुमारास बोलताना नेमका शब्द सुचत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर येऊन अडते, वाक्याच्या मध्येच धागा सुटतो. या तक्रारींना मिळून ‘ब्रेन फॉग’ किंवा मेंदूवरचे धुके म्हणतात. हा स्वतंत्र आजार नव्हे, लक्षणांचा समूह आहे. ही नोंद त्यातल्या बोलण्याच्या अडचणीपुरती असून उदाहरणे इंदूरच्या मराठी घरांतली आहेत. रामबाग असो की लोकमान्य नगर, तिथे स्वयंपाकघरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी चालते, आणि अडचणीचा बराचसा भाग या ये-जा करण्यातच आहे.

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात हे वय सरासरी 46–47 वर्षे आहे, पाश्चात्त्य देशांत 51 च्या आसपास. धुके मात्र त्याआधीच्या काही वर्षांत, म्हणजे संक्रमणकाळात, पाळी अनियमित झालेली पण थांबलेली नसताना, अधिक जाणवते. ‘पाळी तर चालू आहे’ म्हणून त्याचा संबंध कुणी लावत नाही. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बाईला पाळीवरून काहीच कळत नाही: बीजकोश ठेवले असतील तर बदल हळूहळू होतात, तेही काढले असतील तर संप्रेरके (हार्मोन्स) एकदम घटतात आणि लक्षणे बहुधा तीव्र असतात.

कारण

इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे ग्राही (त्याचा संदेश टिपणारे रेणू) मेंदूच्या हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागच्या भागात भरपूर असतात. पहिला भाग नव्या गोष्टींची नोंद करतो, दुसरा हवे ते वेळेवर शोधून आणतो. संक्रमणकाळात इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, वरखाली हेलकावे खाते. त्यात रात्रीच्या झळा (अंगात एकदम उसळणारी उष्णता) आणि घामाने झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेचा पहिला फटका लक्ष एकाग्र ठेवण्याला बसतो. अमेरिकेतल्या ‘स्टडी ऑफ विमेन्स हेल्थ अक्रॉस द नेशन’ या दीर्घकालीन पाहणीत 2,362 स्त्रियांच्या वारंवार चाचण्या झाल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संक्रमणकाळात शिकण्याचा वेग मंदावला आणि रजोनिवृत्तीनंतर तो पूर्ववत झाला. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण अठ्ठेचाळिशीतल्या बाईला ऐकवणाऱ्या घरात हा निष्कर्ष मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

विशेषनामे सर्वांत आधी अडतात. ‘कालथा’ या शब्दाला आकार, उपयोग, जागा असे अनेक धागे असतात. ‘मृणालिनी’ या नावाला मात्र त्या बाईशी जोडणारा एकच धागा असतो, तो सैल झाला की नाव हाती लागत नाही. दोन भाषा रोज बोलणाऱ्यांना नावे नव्हे, पण इतर शब्द अडणे मुळातच जरा जास्त होते, हे प्रयोगांत दिसले आहे.

शब्द अडल्यावर

ताणून धरणे ही सर्वसाधारण चूक. शब्दासाठी जितका वेळ अडून राहावे, तितकी पुढच्या वेळी तिथेच अडण्याची शक्यता वाढते. म्हणून साधारण 10 सेकंदांत शब्द आला नाही तर त्याला वळसा घालावा. मराठीत वळसा सोपा आहे, कारण शब्द अडला तरी त्याचे लिंग बऱ्याचदा आठवते: ‘तो दे, भाजी परततो तो’ एवढ्यावर घरातले माणूस कालथा उचलते. नुसते ‘ते हे दे ना गं’ म्हणण्यापेक्षा लिंग, उपयोग आणि जागा या तीन खुणा दिल्या की काम होते. मराठी शब्दाआधी हिंदी ‘पलटा’ आला तर तोच बोलून टाकावा. शुद्ध मराठीच्या हट्टाने तो गिळला तर आलेला शब्द हव्या शब्दाची वाट अडवून बसतो. शब्द सापडला की मोठ्याने दोन-तीनदा म्हणावा.

ऐकणाऱ्याने आधी थांबावे, मग पहिले अक्षर सुचवावे (‘का…’). हे सुचवणे पूर्ण शब्द तोंडात कोंबण्यापेक्षा उपयोगी असते. ‘परत विसरलीस?’ हा प्रश्न टाळावा, आणि ‘सांग बघू काल काय जेवलो?’ असली परीक्षा तर घेऊच नये. त्या दडपणाने शब्द आणखी मागे जातो. झळ आली असेल तर बोलणे सरळ थांबवावे. ती 1 ते 5 मिनिटे टिकते. ‘अहो, दोन मिनिटं थांबा, मग बोलू’ हे वाक्य घरात एकदा ठरवून टाकले की दर वेळी कारण सांगावे लागत नाही.

हळदीकुंकवाला किंवा लग्नकार्यात नाव आठवत नसेल तर मराठी रीत मदतीला येते. काकू, वहिनी, ताई या संबोधनांवर संध्याकाळ निभावते. ओळख करून द्यायची वेळ आली तर मात्र ‘तुम्हीच एकमेकींची ओळख करून घ्या’ म्हणावे, किंवा सरळ विचारावे: ‘चेहरा आणि घर डोळ्यांसमोर आहे, नाव तेवढं सांगा.’ चुकीच्या नावाने हाक मारण्यापेक्षा हे लोकांना कमी खटकते.

वाक्य, वार आणि आकडे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘ज्या माणसाने परवा बँकेत आपल्याला मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या एफडीबद्दल जे सांगितलं…’ असे सुरू केलेले वाक्य पुरे होईपर्यंत सगळे डोक्यात धरावे लागते, आणि नेमके हेच या काळात जमत नाही. निष्कर्ष आधी, कारण नंतर: ‘एफडी मोडायची नाही. व्याज बुडतं. मुदत मार्चमध्ये संपते.’ शाळेच्या किंवा कार्यालयाच्या बैठकीत तीन मुद्द्यांसाठी तीनच शब्द कागदावर लिहून न्यावेत. पूर्ण वाक्ये लिहिली तर नजर कागदात अडकते. बोलायची पाळी लवकर मागून घ्यावी, कारण वाट पाहताना मुद्दा निसटतो.

हिंदी ‘कल’ मागचा दिवसही दाखवतो आणि पुढचाही. मराठीचे काल आणि उद्या वेगळे असले तरी ‘परवा’ दोन्हीकडे जातो. डोके ताजे असताना संदर्भावरून अर्थ लागतो, थकल्यावर लागत नाही, आणि डॉक्टरांची वेळ चुकते. वार आणि तारीख दोन्ही म्हणून घ्यावे: ‘कल यानी गुरुवार, चौदह तारीख?’ आकड्यांचे असेच. दोन्ही भाषांत एकक आधी बोलले जाते आणि दशक आधी लिहिले जाते, त्यामुळे ‘बावन्न’ ऐकून 25 लिहिला जातो. शिवाय एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि हिंदीतले उनहत्तर, उन्यासी हा घोळ वेगळाच. फोन नंबर सुटे अंक करून सांगावा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यावा. ओटीपी कुणी फोनवर मागितला तर संभाषण तिथेच संपवावे. घाई लावणे हेच ठगांचे हत्यार असते आणि या काळात घाईत निर्णय चुकतात.

फोनवर ठरलेली गोष्ट लगेच एका ओळीच्या लेखी संदेशाने पाठवावी. लांब आवाजी संदेशात हवी ती तारीख पुन्हा शोधणे कटकटीचे असते.

डॉक्टरांशी बोलताना

इंदूरमध्ये बरेचदा हे हिंदीतून सांगावे लागते आणि तिथे अर्थ बदलतो. ‘भूलने की बीमारी’ म्हटले की डॉक्टरांच्या मनात स्मृतिभ्रंश येतो. नेमके वाक्य असे: ‘शब्द ज़बान पर आकर अटक जाता है, बाद में याद आ जाता है.’ एका कागदावर पुढील गोष्टी न्याव्यात: शेवटच्या पाळीची तारीख, रात्री किती वेळा झळांनी जाग येते, झोपेचे तास, तक्रार कधीपासून, अलीकडची तीन उदाहरणे आणि चालू औषधे. औषधांची यादी महत्त्वाची. सर्दीच्या गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, उदासी किंवा नसांच्या वेदनांसाठीचे अमिट्रिप्टिलिन आणि झोपेसाठीचे अल्प्राझोलाम यांनीही असेच धुके येते. कोणतेही औषध मनाने बंद करू नये; अल्प्राझोलाम अचानक सोडणे तर धोक्याचे असते.

हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-12 आणि रक्तशर्करा यांच्या तपासण्या करून घेणे योग्य. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता वारंवार आढळते आणि ती ‘वयाचं आहे’ म्हणून सुटून जाते. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे असेल तर झोपेतील श्वासरोधाची चौकशी करावी. उदासीही विस्मरणाच्या रूपात दिसू शकते.

संप्रेरक उपचार झळांवर प्रभावी आहेत आणि झोप सुधारली की बोलणेही सुधारू शकते. फक्त स्मरणशक्तीसाठी मात्र ते दिले जात नाहीत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 65 वर्षांपुढील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. पन्नाशीच्या आतबाहेर उपचार घेणाऱ्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. शब्दकोडी सोडवल्याने कोडी सोडवणे सुधारते, बोलणे फारसे नाही. आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे अधिक कामाचे. चहातले कॅफीन निम्मे उतरायला सुमारे 5 तास लागतात, म्हणून शेवटचा कप दुपारी. मसालेदार उशिरा जेवणाने अनेकींच्या झळा वाढतात. सराफ्याचा, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचा, फेरा तर सुरूच रात्री होतो, तेव्हा तो रोजचा नसावा इतकेच.

राहत्या वस्तीत वाट चुकणे, नेहमीच्या पदार्थाची कृती क्रमाने न जमणे, काही मिनिटांत तोच प्रश्न पुन्हा विचारणे आणि विचारल्याचे न आठवणे ही या धुक्याची लक्षणे नव्हेत. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. बोलणे अचानक अडखळले आणि सोबत तोंड वाकडे झाले किंवा एका हातातले बळ गेले तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवून लगेच 108 ला फोन करावा.