खवल्याखालचा कृमी कोणता?

प्रवाळभित्तीवरचा मासा चिरून पाहिला, तर त्याच्या आतड्यात, कधी रक्तवाहिन्यांत, तर कधी चक्क खवल्यांखाली चपटे कृमी सापडतात. त्यांपैकी कल्ल्यांना आणि त्वचेला आकड्यांनी चिकटणारे कृमी एकाच माशावर आयुष्य काढतात. पट्टकृमी या माशांत बहुधा डिंभावस्थेतच, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या अवस्थेत असतात, कारण त्यांची वाढ शार्क किंवा पाकट यांच्या पोटात पुरी होते. उरलेले पर्णकृमी मात्र याच माशांत प्रौढ होतात आणि ओळख पटवताना सर्वांत जास्त छळतात तेही हेच.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर माशांच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत. तिथल्या पर्णकृमींच्या १९९४ साली ९४ जाती ज्ञात होत्या आणि एकूण २,२७० असाव्यात असा अंदाज होता. वीस वर्षांनी ज्ञात जातींची संख्या ३२६ झाली, पण अंदाज मात्र १,१०० ते १,८०० पर्यंत खाली आला. तोवर तिथल्या एकतृतीयांश माशांच्या जातीही तपासून झालेल्या नव्हत्या, हे लक्षात घेतले तर या अंदाजाची रुंदी समजून घेता येते.

ओळखीचा निम्मा निकाल कृमी कसा मारला यावरच लागतो. जिवंत पर्णकृमी क्षणात लांब दोरीसारखा होतो आणि क्षणात थेंबासारखा गोळा होतो, त्यामुळे थंड द्रावणात टाकलेला कृमी आक्रसून मरतो, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दोन काचांमध्ये दाबलेला कृमी पसरट होऊन त्याचे अवयव जागेवरून सरकतात. अशा नमुन्यांवर घेतलेली मापे पुढच्या संशोधकाच्या कामी येत नाहीत. किंबहुना एकाच जातीला दोन नावे पडण्याचे ते एक कारण आहे. म्हणून क्वीन्सलँड विद्यापीठाचे टॉम क्रिब आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे रॉडनी ब्रे यांनी एका साध्या पद्धतीचा पुरस्कार केला. आतडे खारट पाण्यात उभे चिरायचे, ते पाणी हलवून थोडे निवळू द्यायचे आणि वरचे गढूळ पाणी ओतून टाकायचे. असे दोन-चारदा केले, की तळाशी कृमी उरतात. मग त्यांच्यावर उकळीला आलेले खारट पाणी एकदम ओतायचे. कृमी तत्क्षणी, अंग सैल सोडलेल्या स्थितीत मरतो आणि सगळे नमुने एकमेकांशी ताडून पाहता येतात. पुढे ते अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो.

त्यानंतर हिमॅटॉक्सिलिनने रंगवणे, जास्तीचा रंग सौम्य आम्लाने काढणे, पाणी काढून टाकणे आणि मिथाइल सॅलिसिलेटमध्ये पारदर्शक करणे अशा पायऱ्या येतात. (मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमांना जो वास असतो, तो याच द्रव्याचा.) शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत काचपट्टीवर बसवलेला कृमी सूक्ष्मदर्शकाखाली नकाशासारखा उलगडतो. तोंडाजवळचा आणि पोटावरचा अशा दोन चूषकांच्या (चिकटून राहण्याच्या वाट्यांसारख्या अवयवांच्या) आकारांचे प्रमाण काय, वृषणे किती आणि कोणत्या क्रमाने, अंडाशय कुठे, पीतक ग्रंथी (अंड्यांसाठी पोषक द्रव्य बनवणाऱ्या) कुठवर पसरल्या आहेत, अंड्यांची लांबी किती, हे सारे मोजले जाते. काही कुळांची ओळख चटकन पटते: बायव्हेसिक्युलिडी कुळातल्या कृमींना चूषकच नसतात.

खरी पंचाईत दिसायला सारख्या असणाऱ्या जातींची आहे. ट्रान्सव्हर्सोट्रेमा या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, कृमी खवल्यांखाली राहतात. ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतात आणि त्यांचे आतडे कड्यासारखे वर्तुळाकार असते. मँटर या संशोधकांनी १९७० मध्ये वर्णिलेली ट्रान्सव्हर्सोट्रेमा लायसिनम ही एकच जात आहे, असे बराच काळ धरले जात होते. २०१२ मध्ये हिंद-पश्चिम प्रशांत भागातल्या माशांवरचे नमुने डीएनए आणि बारकाईच्या मापांनी तपासले, तेव्हा तिच्या नात्यातल्या दहा नव्या जातींचे वर्णन करावे लागले. अर्थात केवळ डीएनएतील फरक पाहून नवी जात जाहीर करणे मला उतावीळपणाचे वाटते. शरीररचना, डीएनए आणि पोशिंदा मासा या तिन्हींची साक्ष जुळली तर नाव टिकते.

याच प्रजातीचा एक धागा भारताशी जुळतो. सोपारकर या संशोधकांनी १९२४ मध्ये उत्तर भारतातून, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईतून बाहेर पडणाऱ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या एका डिंभाचे वर्णन केले आणि त्याला पतियाळाचे नाव दिले. त्याचा प्रौढ कृमी तेव्हा ठाऊक नव्हता. हा डिंभ शेपूट टाकून थेट माशाच्या खवल्याखाली शिरतो, मधल्या दुसऱ्या प्राण्याची त्याला गरज लागत नाही. प्रौढाची ओळख पुढे पटली आणि ती जात आज ट्रान्सव्हर्सोट्रेमा पतियालेन्से म्हणून ओळखली जाते. गोगलगाईतला डिंभ आणि माशातला प्रौढ एकाच जातीचे आहेत का, हे आता दोघांचा डीएनए जुळवून ठरवता येते.

जुन्या संग्रहातल्या कृमींना मात्र ही सोय नाही. काचपट्टीवर दाबून बसवलेल्या, फॉर्मॅलिनमधून गेलेल्या नमुन्यातून वाचता येईल असा डीएनए क्वचितच निघतो. त्यामुळे अशा नमुन्याला दिलेले नाव नेमके कोणत्या जातीचे हे नक्की करायचे, तर ज्या समुद्रात आणि ज्या माशात तो कृमी पहिल्यांदा सापडला, तिथेच जाऊन तोच मासा पुन्हा पकडावा लागतो.