टॉम हाउस: बेताच्या वेगाचा पिचर, फेक शिकवणारा मास्तर

८ एप्रिल १९७४. अटलांटाच्या बेसबॉल मैदानावर ब्रेव्हज संघाच्या हँक अ‍ॅरनने कारकिर्दीतला ७१५वा होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडणारा फटका, मारला आणि बेब रूथचा सर्वाधिक होम रनचा विक्रम मोडीत निघाला. चेंडू कुंपणापलीकडे ब्रेव्हज संघाच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर (बेसबॉलचे गोलंदाज) हात मोकळा करतात त्या जागेत पडणार, तोच टॉम हाउसने तो झेलला. मग पळत होम प्लेट, म्हणजे फलंदाजाची जागा गाठली. तिथे अ‍ॅरनच्या आईने लेकाला घट्ट मिठी मारली होती. त्या गर्दीतच हाउसने चेंडू त्याच्या हातात दिला.

हाउसचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते या झेलामुळे. एरवी तो डावखुरा राखीव पिचर, वेग बेताचाच. १९७१ ते १९७८ या काळात अटलांटा, बोस्टन आणि सिएटल असे तीन संघ, २९ विजय, २३ पराभव. त्या काळात स्टिरॉइड्स घेतल्याची कबुलीही त्याने २००५मध्ये दिली.

पण ज्याच्या हातात मुळातच वेग असतो, तो फेकीचा फारसा विचार करत नाही. हाउसला तो करावाच लागला असणार. १९८५मध्ये तो टेक्सस रेंजर्स संघाचा पिचिंग कोच झाला आणि पिचरांना सरावात चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लावू लागला. हात, खांदा, कंबर यांचा मेळ चुकला की तो लांबट चेंडू हवेत डगमगतो. चूक सांगायला कोच लागतच नाही. लोक हसले. संघातला पिचर नोलन रायन मात्र हसला नाही, फुटबॉल फेकत राहिला. १९९१मध्ये, ४४व्या वर्षी, त्याने कारकिर्दीतला सातवा नो-हिटर टाकला: अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका नाही.

हाउसने मानसशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. टॉम ब्रेडी, ड्रू ब्रीझ यांच्यासारखे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारे क्वार्टरबॅकही पुढे त्याच्याकडे येऊ लागले.

२००८मध्ये त्याच्यापुढे उभे राहिले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. पिचर शोधण्यासाठी भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू. आपल्याकडे कुणालाही आधी क्रिकेटचे गोलंदाज आठवले असते, पण त्यांना कोपर सरळ ठेवायची सवय! भाल्याची फेक पिचिंगला कितीतरी जवळची. काही महिन्यांच्या तालमीनंतर, नोव्हेंबर २००८मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने दोघांनाही करारबद्ध केलं. रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमध्ये मात्र दोघांपैकी कुणीच पोहोचलं नाही.