शेंडा खुडून व्हायरस का जात नाही

दिंडोरीजवळ काकांचा टोमॅटोचा प्लॉट आहे, मागच्या आठवड्यात गेलो तर पाच झाडांचे शेंडे गोळा झालेले, पानं वाटीसारखी वळलेली, पिवळट पडलेली. काका म्हणाले, "बोकड्या आलाय, शेंडा खुडून टाकला तर चालंल का रे? खालची पानं बघ कशी हिरवीगार आहेत." प्रश्न अगदी रास्त आहे, करपा रोगात आपण खराब पानं काढतोच की. पण बोकड्या म्हणजे पानं आकसवणारा व्हायरसचा रोग, इथे ते चालत नाही, आणि का चालत नाही हे कळायला पेशीच्या आत डोकवावं लागतं.

आपल्या पेशीला बाहेरून नुसता पातळ पडदा असतो, सर्दीचा व्हायरस त्याला चिकटतो आणि आत शिरतो. झाडाच्या पेशीला मात्र सेल्युलोजची जाड भिंत असते, ती व्हायरसला स्वतःहून फोडता येत नाही, कोणीतरी जखम करून द्यावी लागते. सुतळीने बांधणी करताना पानावरची बारीक लव मोडते ना, तेवढी जखम टोबॅको मोझॅक व्हायरसला (तंबाखूवर सापडलेला, टोमॅटोलाही लागणारा) पुरते, आणि हा तंबाखूच्या पुडीतही टिकून राहू शकतो, म्हणून तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना लावू नका असं सांगतात ते खरंच आहे. बोकड्याचा व्हायरस पांढरी माशी रस पिता पिता आत सोडते. 2020 ला आपल्याकडे टोमॅटोवर जो तिरंगा (फळावर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे पडण्याचा रोग) आला त्यात कुकुंबर मोझॅक व्हायरस सापडला होता, तो मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते, आणि माव्याने काही सेकंद सोंड टोचली तरी लागण होते, फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.

आत गेल्यावर काय होतं ते टोबॅको मोझॅकवर सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलंय. हा व्हायरस म्हणजे 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड काडी, 1 मिलिमीटरमध्ये 10 लाख नॅनोमीटर बसतात. मध्ये आरएनएचा धागा, म्हणजे व्हायरस कसा बनवायचा ते ज्यावर लिहिलेलं असतं तो, आणि त्यावर प्रोटीनचं कवच. पेशीत शिरला की कवच एका टोकाला सैल होतं, झाडाचीच प्रोटीन बनवणारी यंत्रं म्हणजे रायबोझोम तो धागा वाचायला लागतात, आणि वाचत पुढे सरकताना तेच उरलेलं कवच उतरवत जातात! म्हणजे झाड आपल्याच हाताने ते पार्सल उघडतं. मग त्या धाग्याच्या नकला निघायला लागतात.

आता शेजारच्या पेशीत कसं जायचं, मध्ये तर भिंत आहे. तर झाडाच्या भिंतींना मुळातच बारीक भोकं असतात, प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात त्यांना, त्यातून पेशी एकमेकींना साखर, निरोप वगैरे देतात. पण त्यातली मोकळी वाट एरवी जेमतेम 3-4 नॅनोमीटरची, 18 ची काडी जाणार कशी? व्हायरस त्यासाठी एक खास प्रोटीन बनवून घेतो, मूव्हमेंट प्रोटीन. ते भोकाशी जाऊन वाट रुंद करतं आणि कवच नसलेला उघडा धागा पलीकडे पोचवतं. 1989 साली तंबाखूच्या झाडात व्हायरस न घालता फक्त हे एक प्रोटीन बनेल असं करून बघितलं, तर एरवीपेक्षा जवळपास 10 पट मोठे रेणू त्या भोकांतून जायला लागले. मला ही गोष्ट फार भारी वाटते, कारण भिंत कुठे फुटतच नाही, झाडाचाच रस्ता वापरला जातो. झाडही गप्प बसत नाही, भोकाच्या तोंडाशी कॅलोज नावाचा पदार्थ भरून वाट आवळतं, पण व्हायरस पुढे निघून गेला असेल तर उपयोग नाही.

पेशी-पेशीने जाणं हळू असतं, एकेका पेशीला काही तास. खरी धाव पुढे, अन्नरसाच्या नळ्या लागल्यावर. सॅम्युअल नावाच्या शास्त्रज्ञाने 1934 साली हे टोमॅटोवरच दाखवलं, एका पानाला लागण करायची आणि मग रोज काही झाडं कापून तुकडा तुकडा तपासायचा. पहिले तीनेक दिवस व्हायरस त्याच पानात होता, मग एकदम मुळात सापडला, लगेच शेंड्यात, आणि मधली जुनी पानं कितीतरी दिवस स्वच्छ. कारण साखर जिकडे वाहते तिकडे हाही वाहतो, मूळ, शेंडा आणि फळ साखर खेचतात, जुनं पान उलट ती बाहेर पाठवत असतं.

बोकड्याचा व्हायरस जातीने वेगळा आहे, डीएनएवाला, पण तोही याच नळ्यांतून फिरतो. म्हणून काकांना सांगितलं, खालचं पान हिरवं दिसतंय ते या वाहण्याच्या दिशेमुळे, शेंडा खुडला तरी खोडात आणि मुळात तो आहेच, नवीन फूट परत वळलेलीच येणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना, पाचही झाडं उपटून तिथेच गोणीत भरली, बांधावर टाकली नाहीत. लागण झाल्यावर लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जाऊ शकतात, म्हणून शेजारच्या झाडांच्या बांबूंना लाल चिंधी बांधलीय आणि काका रोज सकाळी त्यांचे शेंडे बघतात.