१५ वर्षं झालेल्या परफॉर्मन्स गाडीची फेरनोंदणी: खान्देशातल्या मालकांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि मॉडिफिकेशनचे नियम

२०१०-११ च्या सुमारास जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये पासिंग झालेल्या लिनिया टी-जेट, लॉरा आरएस, सिविक १.८, फिएस्टा १.६ या गाड्यांची पहिली १५ वर्षांची मुदत आता भरत आली आहे किंवा भरली आहे. पालिओ १.६, जुनी ऑक्टाव्हिया आरएस, व्हीटेक सिटी, आयकॉन यांची तर दुसरी-तिसरी वेळ. खासगी गाडी १५ वर्षांनी भंगारात द्यावी लागते हा समज अजून गावोगाव आहे, आणि त्याच भीतीपोटी चांगल्या गाड्या मातीमोल भावात जातात. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ नुसार पहिली नोंदणी १५ वर्षं चालते, त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. जुन्या गाड्यांवरच्या बंदीचा दिल्लीचा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागापुरता.

अडचण येते ती गाडी जुनी असल्यामुळे नाही. आरसीवर एक आणि गाडीत दुसरंच असल्यामुळे येते. मॉडिफाय केलेल्या गाडीत ही तफावत हमखास सापडते, म्हणून अर्ज भरण्याआधी आरसी हातात धरून गाडीभोवती एक फेरी मारा.

अर्ज कोण करू शकतो

आरसीवर ज्याचं नाव, तोच. गाडी टीटीओ (मालकी हस्तांतर) फॉर्मवर नुसत्या सह्या घेऊन वापरात असेल, तर आधी नाव लावून घ्या: फॉर्म २९ (विक्रेत्याची सूचना) आणि फॉर्म ३० (हस्तांतराचा अर्ज). वडिलांच्या नावावरची गाडी वडील गेल्यावर तशीच वापरली जाते, हे आपल्याकडे घरोघर दिसतं. तिथे फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. नियमानुसार मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि हस्तांतराचा अर्ज ३ महिन्यांत द्यायचा असतो.

कर्ज फिटलं तरी आरसीवरची एचपी (कर्जाच्या बोजाची नोंद) आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ देऊन ती काढावी लागते. वित्तसंस्था बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर हे काम लांबतं, त्यामुळे ते सगळ्यात आधी हाती घ्या. थकलेली ई-चलानंही भरून टाका.

मुदत आणि शुल्क

फॉर्म २५ वर अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला फेरनोंदणीचं केंद्रीय शुल्क ५,००० रुपये. २० वर्षांपुढच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. आयात केलेल्या मोटारीला हेच आकडे ४०,००० आणि ८०,०००. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणजे दीड वर्ष शेडमध्ये उभ्या गाडीवर ९,००० चढलेले असतात. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर ५ वर्षांसाठी एकदम भरायचा, डिझेलला तो पेट्रोलपेक्षा जास्त. पूर्ण हिशोब पैसे भरण्याआधी पोर्टलवर दिसतो. मुदत संपलेली गाडी चालवली तर दंड होतोच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला हेच कारण पुढे करते.

काय चालतं, काय अडतं

कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिन. एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन बसवणं हा जुना आणि खरोखर सुंदर बसणारा बदल आहे, पण आरसीवर १२९८ सीसी आणि बॉनेटखाली १५९० सीसी असेल तर ती गाडी पास होणार नाही. त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलता येतं, मात्र आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत आरसीवर नोंद करायची. इंजिनचं पक्कं बिल लागतं. दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन असेल तर त्या गाडीचे कागद आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा हवा. भंगार बाजारातून बिनबिलाचं इंजिन घेतलं की तपासणीच्या दिवशी प्रश्न दंडाचा राहत नाही, चोरीच्या मालाचा होतो. कंपनीकडून आलेला बदली ब्लॉक बहुधा कोरा असतो. त्यावर जुना नंबर फिटरकडून परस्पर ठोकून घेऊ नका, त्यालाही आरटीओची परवानगी लागते.

सीएनजी. जुनी वेगवान गाडी सेकंडहँड घेताना ही बाब सुटते. आधीच्या मालकाने किट बसवून आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' करून घेतलेलं असतं, नव्या मालकाने डिकी मोकळी व्हावी म्हणून टाकी काढून टाकलेली असते. तपासणीत सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली चाचणी) मागतात आणि गाडीत सिलिंडरच नसतो. किट काढलं असेल तर इंधनाची नोंद फक्त पेट्रोल करून घेणं हा स्वतंत्र अर्ज आहे. फेरनोंदणीच्या आधी तो उरका.

रंग. निळी गाडी काळी केली तर आरसीवर नोंद हवी. फक्त टप काळा केला असेल तर काही निरीक्षक दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर तो काढून मूळ रंगात गाडी नेणं सोपं.

चाकं. रिम बदलला तरी टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे आणि टायर फेंडरबाहेर दिसता कामा नये. १९५/६० आर१५ चा व्यास ६१५ मिमी भरतो. १९५/५५ आर१६ चा ६२१ मिमी, म्हणजे जेमतेम १ टक्का फरक. २०५/५५ आर१६ घेतला तर ६३२ मिमी, जवळजवळ २.७ टक्के. तेवढ्यात स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या आतल्या लायनरला घासण्याची शक्यता असते. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइज निवडला की वाद राहत नाही.

काचा आणि आवाज. पुढची-मागची काच किमान ७० टक्के, बाजूच्या किमान ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, फिल्मचा मोह समजण्यासारखा आहे, तरी तपासणीला ती उतरवूनच जा. फ्री-फ्लो सायलेन्सर असेल तर मूळचा परत बसवा. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

स्प्रिंग, डॅम्पर, ब्रेकपॅड यांचे आकडे आरसीवर नसतात. चांगल्या प्रतीचे आणि नीट बसवलेले असतील तर सहसा अडत नाहीत. कापलेली स्प्रिंग मात्र लगेच ओळखू येते. ईसीयू रीमॅप (इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगमधला बदल) डोळ्यांना दिसत नाही, तो पीयूसीत दिसतो.

पीयूसी

मर्यादा गाडीच्या बीएस (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषण निकषांच्या) टप्प्यावर ठरते. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल मोटारीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ७५० पीपीएम. बीएस-४ ला सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम, शिवाय वाढीव आरपीएमवर लॅम्बडा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या आसपास. त्याआधीच्या गाड्यांना सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम. बीएस-४ देशभर २०१७ मध्ये लागू झालं, म्हणून २०११ ची जळगाव पासिंग गाडी बीएस-३ असू शकते. आरसी बघून केंद्रचालकाला योग्य टप्पा टाकायला सांगा. चुकीचा टप्पा टाकल्यामुळे नापास झालेल्या गाड्या कमी नाहीत.

सीओ जास्त आला तर मिश्रण रिच (इंधन जास्त, हवा कमी) आहे: ऑक्सिजन सेन्सर मंद झालाय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा रीमॅपमध्ये आयडलचं इंधन वाढवून ठेवलंय. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर येतंय: प्लग, कॉइल किंवा व्हॅक्यूमची गळती. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात गंज कमी लागतो, पण रबर कडक होऊन तडकतं. इनटेक मॅनिफोल्डजवळचे पेन्सिलएवढ्या जाडीचे पाइप वाकवून पाहा, चीर दिसली की बदला. कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेली गाडी ०.५ टक्क्यांत बसणं जवळजवळ अशक्य. चाचणीआधी गाडी १५-२० मिनिटं चालवून कॅट पूर्ण तापू द्या, आणि रांगेत इंजिन बंद करून थांबू नका.

कागदपत्रं

फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा (किमान थर्ड पार्टी), चालू पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, पॅन, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, पर्यावरण कराची पावती. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही लागते. मोटारीला ती ७४५ रुपये अधिक जीएसटी. राज्याने नेमलेल्या पुरवठादाराच्या साइटवरूनच मागवा. फॅन्सी अक्षरांच्या प्लेटवर आरटीओ काम पुढे नेणार नाही.

चेसिस प्रिंट घेताना नंबरवरची धूळ-ग्रीस रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा, कोरडं करा, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर कधीच लावू नका. अंक अर्धवट झिजला तर निरीक्षक छेडछाडीचा संशय घेतो, मग नंबर पुन्हा पंच करण्याची परवानगी घेण्यात आठवडे जातात.

पोर्टल आणि तपासणी

अर्ज परिवहनच्या वाहन पोर्टलवर भरायचा. एमएच-१८ धुळे, एमएच-१९ जळगाव, एमएच-३९ नंदुरबार. आधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुमचाच आहे का बघा, नसेल तर आधारवरून बदला, नाहीतर ओटीपी जुन्या मालकाकडे जातो. संगणकीकरणाआधीची गाडी पोर्टलवर दिसतच नसेल तर मूळ आरसी घेऊन कार्यालयात बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. मग शुल्क भरा, अपॉइंटमेंट घ्या, पावतीवर तपासणीचं ठिकाण आणि वेळ बघा.

तपासणीला गाडी प्रत्यक्ष नेली पाहिजे. बघतात ते चेसिस-इंजिन नंबर, सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट, टायरची नक्षी, ब्रेक, सायलेन्सर, बॉडीचा सांगाडा. जुन्या गाड्यांचे हेडलॅम्प उन्हाने पिवळे पडतात. काच पॉलिश करून घ्या, जास्त वॉटचे बल्ब घालून उपाय करू नका, त्याने रिफ्लेक्टर जळतो आणि होल्डर वितळतो.

सुरत, इंदूर, बऱ्हाणपूरहून आणलेली गाडी

सीमेपलीकडे अशा गाड्या स्वस्त मिळतात, खर्च नंतर दिसतो. मूळ आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी, मग इथे फॉर्म २७, २९, ३० आणि महाराष्ट्राचा कर. कर मूळ किंमत आणि वय पाहून ठरतो, म्हणून पहिलं बिल विक्रेत्याकडून मागून घ्या. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवता येत नाही. आरसीची मुदत संपलेली गाडी घेणार असाल तर फेरनोंदणी आणि एनओसी तिकडेच विक्रेत्याकडून करून घ्या, आणि ठरलेल्या रकमेतला मोठा भाग तोपर्यंत हातात ठेवा.

व्हिंटेज नोंदणीचा मार्ग या गाड्यांना नाही. ती ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे, आणि त्यांना रोजच्या वापराला मुभा नसते.

नवं कार्ड आल्यावर इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, रंग आणि नवी मुदत त्याच दिवशी ताडून पाहा. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. त्यानंतर विमा कंपनीला नव्या आरसीची प्रत आणि गाडीतल्या बदलांची यादी लेखी कळवा, पोच घ्या. रीमॅप किंवा बदललेलं सस्पेन्शन त्यांना आधी सांगितलेलं नसेल तर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर ते शोधून काढतो.